घरी बांधलेल्या विमानात अँटेना कुठे बसवतात? आणि पायलटच्या कानात खरखर का होते?

करंजाडेच्या गच्चीवर संध्याकाळी उभं राहिलं, की आता विमानं सहज दिसतात. शेजारीच असलेल्या नवी मुंबई आंतरराष्ट्रीय विमानतळाचं उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झालं आणि २५ डिसेंबर २०२५ पासून तिथून प्रवासी विमानं उडू लागली. विमान खाली येताना नीट पाहिलंत, तर त्याच्या पाठीवर आणि पोटाखाली माशाच्या कल्ल्यासारखी छोटी छोटी पाती दिसतील. त्या आहेत अँटेना. पायलट कंट्रोल टॉवरशी बोलतो, रडारवर विमान ओळखू येतं, ते कुठे आहे हे समजतं, हे सगळं या पात्यांच्या भरवशावर.

मोठ्या कंपनीच्या विमानात ही पाती कुठे बसवायची हे इंजिनिअरांची फौज ठरवते आणि त्याच्या चाचण्या घेते. पण एखाद्याने विमान स्वतःच्या हाताने, घरी बांधलं असेल तर? तिथे हा निर्णय त्या एका माणसाचा असतो. तो चुकला तर विमान उडतं खरं, पण नेमकं गरजेच्या वेळी पायलटला टॉवरचा आवाज ऐकू येत नाही.

घरी विमान? महाराष्ट्रात?

हो. मुंबईच्या कांदिवलीतल्या चारकोपमध्ये कॅप्टन अमोल यादव यांनी राहत्या इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधलं. पेशाने वैमानिक असलेल्या यादव यांचं हे विमान फेब्रुवारी २०१६ मध्ये वांद्रे-कुर्ला संकुलातल्या 'मेक इन इंडिया' सप्ताहात लोकांनी पाहिलं. त्यासाठी ते गच्चीवरून खाली उतरवावं लागलं होतं. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची, म्हणजे डीजीसीएची नोंदणी मिळायला नोव्हेंबर २०१७ उजाडला. नोंदणी क्रमांक मिळाला व्हीटी-एनएमडी. पुढे उड्डाणाची परवानगी मिळाली आणि २०२० मध्ये धुळ्याच्या धावपट्टीवरून या विमानाची चाचणी उड्डाणं झाली.

आपल्याकडे हे उदाहरण विरळा असलं, तरी अमेरिकेत घरी विमान बांधणं हा मोठा छंद आहे. १९५३ मध्ये स्थापन झालेली एक्स्पेरिमेंटल एअरक्राफ्ट असोसिएशन ही संस्था अशा लोकांचीच. व्हॅन्स एअरक्राफ्ट या एकाच कंपनीच्या किटमधून लोकांनी बांधलेली दहा हजारांहून अधिक विमानं आजवर आकाशात गेली आहेत. आणि ही विमानं बांधणाऱ्यांच्या डोकेदुखीच्या यादीत इंजिनाच्या जोडीने एक विषय कायम असतो: रेडिओ.

विमानात किती अँटेना लागतात?

चार आसनी छोट्या विमानातही पाच-सहा अँटेना सहज होतात. प्रत्येकीचं काम वेगळं, फ्रिक्वेन्सी वेगळी आणि म्हणून जागाही वेगळी.

• बोलण्याचा रेडिओ: ११८ ते १३७ मेगाहर्ट्झ. टॉवरशी संवाद यावर होतो. अँटेना उभी असते.
• दिशादर्शक रेडिओ, म्हणजे व्हीओआर आणि लोकलायझर: १०८ ते ११८ मेगाहर्ट्झ. अँटेना आडवी असते, बहुतेकदा शेपटीवर मांजराच्या मिशांसारखी.
• ट्रान्सपॉन्डर: १०३० मेगाहर्ट्झवर रडारचा प्रश्न ऐकतो आणि १०९० वर उत्तर देतो. अँटेना बोटभर लांबीची, पोटाखाली.
• जीपीएस: १५७५.४२ मेगाहर्ट्झ. अँटेना पाठीवर, आकाशाकडे तोंड करून.
• ईएलटी: अपघात झाला तर आपोआप संकटाचा संदेश पाठवणारं यंत्र. ४०६ मेगाहर्ट्झवर उपग्रहांना आणि १२१.५ वर जवळच्या शोधपथकाला.

उभी आणि आडवी हा फरक दिसण्यापुरता नाही. टॉवरवरून निघालेली रेडिओलहर उभी कंप पावत असेल आणि ती पकडणारी अँटेना आडवी असेल, तर बराचसा सिग्नल वाया जातो. विमान वाहतुकीत बोलण्यासाठी उभ्या आणि व्हीओआरसाठी आडव्या लहरी ठरलेल्या आहेत. एकाच अँटेनावर दोन्ही कामं करायला गेलं तर एक काम अर्धवट राहतं.

लांबी कशी ठरते?

याचं गणित शाळेतलं आहे. ३०० ला मेगाहर्ट्झने भागलं की तरंगलांबी मीटरमध्ये मिळते. १२७ मेगाहर्ट्झसाठी ती येते सुमारे २.३६ मीटर. विमानावरची साधी उभी अँटेना या तरंगलांबीच्या पाव भागाएवढी असते, म्हणजे साधारण ५९ सेंटीमीटर. ट्रान्सपॉन्डरच्या १०९० मेगाहर्ट्झसाठी हाच पाव भाग जेमतेम ७ सेंटीमीटर भरतो. म्हणून एक अँटेना हातभर आणि दुसरी बोटभर.

पण पाव तरंगाची अँटेना एकटी अपुरी असते. तिला खाली धातूचा पसरट पत्रा लागतो. हा पत्रा आरशासारखं काम करतो आणि अँटेनाचा उरलेला अर्धा भाग त्यात 'दिसतो'. याला ग्राउंड प्लेन म्हणतात. बोलण्याच्या अँटेनाभोवती सगळ्या बाजूंनी सुमारे ६० सेंटीमीटर धातू असावा, असा ढोबळ हिशेब आहे. ॲल्युमिनियमच्या विमानात हा पत्रा आयताच मिळतो. अडचण सुरू होते ती बाकीच्या विमानांत.

विमान कशाचं आहे, यावर सगळं अवलंबून

घरी बांधलेली विमानं ढोबळमानाने चार प्रकारची.

ॲल्युमिनियम: ग्राउंड प्लेन फुकट मिळतं. मात्र धातूच्या आत ठेवलेली अँटेना डब्यात कोंडल्यासारखी होते. त्यामुळे प्रत्येक अँटेना बाहेर हवी. बाहेर आली की हवेचा अडथळा वाढतो, वेग थोडा घटतो. अँटेनाचा तळ आणि पत्रा यांच्यामध्ये रंगाचा थर राहिला तर विजेचा संपर्क नीट होत नाही. म्हणून बसवताना तेवढा भाग खरवडून स्वच्छ करतात आणि नंतर गंज लागू नये म्हणून कडा बंद करतात.

फायबरग्लास: रेडिओलहरींसाठी हे जवळपास काचेसारखं पारदर्शक. म्हणून अँटेना आत लपवता येते आणि बाहेर काहीच दिसत नाही. बर्ट रुटान यांनी १९७० च्या दशकात व्हेरीझी आणि पुढे लाँग-ईझी ही फायबरग्लासची विमानं घरी बांधणाऱ्यांसाठी आणली, तेव्हा जिम वेअर या इंजिनिअरने तांब्याच्या चिकटपट्टीच्या अँटेना रूढ केल्या. पट्टीचे दोन हात, प्रत्येक अर्ध्या मीटरहून थोडा लांब, मधोमध केबल आणि केबलवर फेराइटची दोन-तीन कडी. याला ग्राउंड प्लेन लागत नाही. खर्चही नगण्य. फक्त नंतर वरून धातूचे कण असलेला चमकदार रंग मारला, तर सगळी मेहनत पाण्यात.

कार्बन फायबर: दिसायला फायबरग्लासचा भाऊ, वागायला धातूचा. कार्बन वीज वाहून नेतो, त्यामुळे आतली अँटेना आंधळी होते. पण तो ॲल्युमिनियमइतका चांगला वाहकही नाही, त्यामुळे ग्राउंड प्लेन म्हणूनही कच्चा पडतो. कार्बनच्या विमानात अँटेना बाहेर बसवावी लागते किंवा तेवढा भाग फायबरग्लासचा ठेवावा लागतो. हा निर्णय साचा भरण्याआधी घ्यावा लागतो, नंतर नाही.

लाकूड किंवा नळ्यांच्या सांगाड्यावर ताणलेलं कापड: कापडाआड अँटेना चालते, पण खाली पत्रा नसतो. मग ॲल्युमिनियमची पातळ चकती किंवा तांब्याच्या चार पट्ट्या चारी दिशांना पसरून कृत्रिम ग्राउंड प्लेन तयार करतात.

वर की खाली?

बोलण्याच्या अँटेनाबाबत हा वाद जुना आहे. या फ्रिक्वेन्सीच्या लहरी साधारण सरळ रेषेत जातात. पनवेल परिसरात कर्नाळ्याचा सुळका, प्रबळगड आणि माथेरानचा डोंगर आहे. कमी उंचीवरून उडणारं विमान अशा डोंगराआड गेलं, की टॉवरचा आवाज क्षीण होतो किंवा तुटतो. तसाच 'डोंगर' विमान स्वतःही असतं.

अँटेना पोटाखाली असेल तर हवेत असताना जमिनीवरच्या टॉवरशी बोलणं उत्तम होतं. पण विमान धावपट्टीवर उभं असताना तीच अँटेना जमिनीला खेटते, चाकांच्या आड येते. पाठीवर असेल तर जमिनीवर छान चालते, पण हवेत टॉवर खाली असल्याने मधे विमानाचं धड येतं. दोन रेडिओ असतील तर उपाय सोपा: एक अँटेना वर, एक खाली. त्यामुळे दोन्हींमधलं अंतर वाढतं आणि विमानाचं धड भिंतीसारखं मध्ये राहतं. एका रेडिओवर बोलताना दुसऱ्याचे कान बधिर होत नाहीत.

ट्रान्सपॉन्डरची अँटेना जवळपास नेहमी पोटाखाली असते, कारण रडार जमिनीवर असतं. तिच्यातून काही क्षणांपुरते शंभर-दोनशे वॅटचे झटके बाहेर पडतात, म्हणून ती सीटच्या थेट खाली, माणसांना खेटून बसवत नाहीत. तिची केबलही आखूड ठेवतात. साधी पातळ केबल पाच-सहा मीटर लांब केली, तर या फ्रिक्वेन्सीवर जवळपास निम्मी ताकद वाटेतच संपते.

ईएलटीची गोष्ट वेगळी. ती चालावी लागते विमान कोसळल्यावर. म्हणून यंत्र आणि अँटेना दोन्ही शेपटीकडच्या मजबूत भागात, एकमेकांच्या जवळ बसवतात. मधली केबल लांब असेल आणि अपघातात धड तुटलं, तर केबल तुटते आणि यंत्र शाबूत असूनही मुकं होतं. २००९ पासून उपग्रहांनी १२१.५ मेगाहर्ट्झ ऐकणं बंद केलं आहे. आता ते फक्त ४०६ ऐकतात. त्यामुळे जुनी १२१.५ ची ईएलटी बसवून निर्धास्त राहणं धोक्याचं आहे.

जीपीएसला इतकं जपावं का लागतं?

उपग्रह २० हजार किलोमीटर उंचीवर. तिथून येणारा सिग्नल जमिनीवर पोहोचेपर्यंत इतका क्षीण होतो, की १ वर सोळा शून्यं लिहून येणाऱ्या आकड्याने एका वॅटला भागावं, साधारण तेवढाच उरतो. त्याच विमानात हातभर अंतरावर ५ ते १० वॅटचा बोलण्याचा रेडिओ असतो.

रेडिओ आपल्या फ्रिक्वेन्सीसोबत तिच्या पटीतही थोडी ऊर्जा सोडतो. आता हे गणित पाहा. १२१.१७५ गुणिले १३ म्हणजे १५७५.२७५. आणि १३१.२७५ गुणिले १२ म्हणजे १५७५.३. दोन्ही उत्तरं जीपीएसच्या १५७५.४२ ला चिकटून. म्हणूनच जीपीएस बसवल्यावर १२१.१५ ते १२१.२ आणि १३१.२५ ते १३१.३ या फ्रिक्वेन्सींवर काही सेकंद बोलून पाहण्याची पद्धत आहे. बोलताना जीपीएसचे उपग्रह गायब झाले, तर दोन अँटेनांमधलं अंतर वाढवायचं किंवा मधे फिल्टर बसवायचा.

कानातली खरखर कुठून येते?

जुना मोबाइल रेडिओजवळ ठेवला, की फोन वाजण्याआधी स्पीकरमधून 'टर्र टर्र टर्र' आवाज यायचा, आठवतंय? विमानात नेमकं तेच होतं, फक्त कारणं जास्त असतात.

त्यात भर म्हणजे विमानाचा रेडिओ आजही एएम पद्धतीवर चालतो. त्याला एक चांगलं कारण आहे. एफएममध्ये दोघे एकदम बोलले, तर जोरदार सिग्नल दुसऱ्याला गिळून टाकतो आणि दुसरा बोलत होता हे कळतच नाही. एएममध्ये दोन्ही मिसळून किंचाळल्यासारखा आवाज येतो आणि टॉवरला समजतं की आणखी कोणीतरी बोलतंय. संकटातल्या पायलटसाठी हे मोलाचं. पण एएमची किंमतही आहे: ठिणगी पडली की ती थेट कानात ऐकू येते.

अनुभवी बांधणारे आवाजावरूनच चोर ओळखतात.

• इंजिनाच्या वेगासोबत चढत-उतरत जाणारी शिट्टी: अल्टरनेटर.
• इंजिनाच्या वेगासोबत वाढणारी तडतड: स्पार्क प्लग, मॅग्नेटो आणि त्यांच्या वायर.
• ठरावीक अंतराने 'टिक… टिक…': लुकलुकणारा स्ट्रोब दिवा.
• सतत बारीक फुसफुस: स्वस्तातला एलईडी दिवा किंवा यूएसबी चार्जर.
• बोलायचं बटण दाबलं की इंधनाचा काटा हलतो किंवा ऑटोपायलट दचकतो: स्वतःचाच रेडिओ. अँटेना वायरिंगच्या फार जवळ आहे.

शेवटचा प्रकार फायबरग्लासच्या विमानांत जास्त दिसतो. अँटेना आत असते आणि वायरिंगही आत. मधे पत्र्याची भिंत नसते. अँटेना उभ्या शेपटीत दूर नेली तर त्रास कमी होतो.

चोर पकडायचा कसा?

पद्धत घरातल्या वीजदुरुस्तीसारखीच. एका वेळी एकच गोष्ट बदलायची.

पहिली पायरी: इंजिन बंद, फक्त बॅटरीवर रेडिओ सुरू. स्क्वेल्च, म्हणजे शांततेत खरखर दाबणारं बटण, उघडं ठेवायचं आणि मूळ आवाज कसा आहे हे कानात बसवायचं.

दुसरी पायरी: एकेक उपकरण सुरू करायचं. दिवे, स्ट्रोब, चार्जर, टॅबलेट. कशाने आवाज वाढतो ते वहीत लिहायचं.

तिसरी पायरी: इंजिन सुरू करून अल्टरनेटर बंद-चालू करून पाहायचा.

चौथी पायरी सगळ्यांत उपयोगी. खरखर सुरू असताना रेडिओच्या मागची अँटेनाची केबल काढायची. खरखर थांबली, तर ती हवेतून अँटेनात येत होती. तरीही सुरूच राहिली, तर ती विजेच्या किंवा हेडफोनच्या वायरमधून येते आहे. पहिल्या प्रकाराला उपाय अँटेनाची जागा बदलणं किंवा आवाज करणाऱ्या उपकरणाला धातूचं कवच देणं. दुसऱ्याला उपाय फिल्टर, जाळीदार वायर आणि सगळ्या उपकरणांचं ग्राउंड एकाच ठिकाणी आणणं. मात्र केबल काढलेली असताना चुकूनही बोलायचं बटण दाबायचं नाही. बाहेर जायला वाट नसलेली ताकद रेडिओतच परतते आणि त्याचा आउटपुट जळू शकतो.

पुष्कळदा मात्र दोष अगदी क्षुल्लक निघतो: केबलच्या टोकाचा कनेक्टर नीट दाबलेला नाही. एसडब्ल्यूआर मीटर लावला की ते कळतं. पाठवलेल्या ताकदीपैकी किती परत येते, हे तो दाखवतो. आकडा २ च्या आत असेल तर उत्तम, ३ च्या वर गेला तर कुठेतरी गडबड आहे.

जमिनीवरून येणारा त्रास

सगळा दोष विमानाचा नसतो. आपली एफएम स्टेशनं १०८ मेगाहर्ट्झपर्यंत चालतात आणि विमानाचा पट्टा तिथूनच सुरू होतो. दोन ताकदवान स्टेशनांचे सिग्नल एखाद्या साध्या रिसीव्हरमध्ये मिसळले, तर तिसरीच फ्रिक्वेन्सी जन्माला येते. मुंबईतल्या १०७.१ आणि ९८.३ चंच गणित करा: १०७.१ ची दुप्पट वजा ९८.३ म्हणजे ११५.९, म्हणजे थेट व्हीओआरच्या पट्ट्यात. म्हणून विमानाच्या रिसीव्हरना एफएमपासून बचावाचे आंतरराष्ट्रीय निकष लावले जातात. स्वस्तातला जुना रेडिओ घेऊन बसवणाऱ्याने हे आधी तपासायला हवं.

मोबाइलचंही तसंच. ५जी आल्यावर विमानाची उंची मोजणाऱ्या रेडिओ अल्टिमीटरची चिंता जगभर झाली. तो ४.२ ते ४.४ गिगाहर्ट्झवर चालतो. नोव्हेंबर २०२२ मध्ये दूरसंचार विभागाने नागपूर, पुणे, बंगळुरू, दिल्ली आणि गुवाहाटी या पाच विमानतळांसाठी कंपन्यांना सूचना दिली: धावपट्टीच्या दोन्ही टोकांपासून २.१ किलोमीटर आणि मध्यरेषेपासून ९१० मीटरच्या आत ३.३ ते ३.६७ गिगाहर्ट्झची ५जी केंद्रं उभारू नयेत.

करंजाडे, उलवे, पनवेलकरांसाठी यात एक साधी गोष्ट आहे. नव्या टॉवरमध्ये रेंज मिळत नाही म्हणून काही जण ऑनलाइन मिळणारा सिग्नल बूस्टर गच्चीवर लावतात. परवानगीशिवाय तो लावणं बेकायदेशीर आहे. बिघडलेला बूस्टर कोणत्या फ्रिक्वेन्सीवर ओरडत बसेल याचा नेम नसतो. आधी त्रास शेजाऱ्यांच्या मोबाइलला होतो, पण विमानतळाशेजारी तो तिथेच थांबेल याची खात्री देता येत नाही. रेंजची तक्रार मोबाइल कंपनीकडे करणं हाच रस्ता.

रेडिओ बंदच पडला तर?

पायलट ट्रान्सपॉन्डरवर ७६०० हा आकडा लावतो. त्याचा अर्थ 'माझा रेडिओ बंद आहे'. रडारवर तो लगेच दिसतो आणि कंट्रोलर बाकीची विमानं बाजूला करतो. विमानतळाजवळ आल्यावर टॉवरवरून प्रकाशाचे इशारे मिळतात. हवेतल्या विमानाला स्थिर हिरवा म्हणजे उतरायला परवानगी. स्थिर लाल म्हणजे दुसऱ्याला वाट दे आणि घिरट्या घालत राहा. लुकलुकता लाल म्हणजे विमानतळ सुरक्षित नाही, उतरू नकोस.

याहून वाईट प्रसंग उलटा असतो: बोलायचं बटण अडकून बसणं. मग तो एक रेडिओ अख्खी फ्रिक्वेन्सी अडवून धरतो आणि त्या भागातल्या कोणालाच टॉवरशी बोलता येत नाही. मुंबई आणि नवी मुंबई असे दोन विमानतळ जवळजवळ असलेल्या आकाशात ही गोष्ट एका विमानापुरती राहत नाही. म्हणूनच घरी बांधलेल्या विमानाच्या पहिल्या चाचण्या गजबजलेल्या आकाशापासून दूर, धुळ्यासारख्या मोकळ्या धावपट्टीवर करण्यात शहाणपण असतं.

थोडक्यात

• अँटेनाच्या जागा विमानाचं धड बांधण्याआधी कागदावर ठरवायच्या.
• बोलण्याची उभी, व्हीओआरची आडवी, जीपीएस वर, ट्रान्सपॉन्डर खाली, ईएलटी शेपटीत.
• फायबरग्लासमध्ये अँटेना आत चालते, कार्बन आणि धातूत नाही.
• केबल चांगली, जाळीदार आणि शक्य तितकी आखूड. कनेक्टर दोनदा तपासायचा.
• खरखर आली तर एका वेळी एकच उपकरण सुरू करून कारण शोधायचं.
• पहिल्या उड्डाणाआधी जमिनीवर सगळ्या दिशांना विमान वळवून रेडिओ तपासायचा. एका दिशेला आवाज क्षीण झाला, तर अँटेनाच्या आड काहीतरी येतंय.